भुजंग ओताऱ्याचा दाखला

शिरसोंडी तालुक्यात माणूस कुठंही जन्मो, त्याचे कागद एकदा तरी शिवदास ओताऱ्याच्या हाताखालून जायचे. बसस्थानकासमोर, सलूनच्या शेजारी त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. झेरॉक्स काय, कुणीही काढून देतं. लॅमिनेशनला मात्र लोक वाटेतली चार दुकानं सोडून त्याच्याकडे यायचे. बुडबुडा नाही, सुरकुती नाही, तिरकेपणा नाही. त्याच्या मशीनमधून निघालेला कागद बघून वाटायचं, हा आता मालकाच्या मागंही शंभर वर्षं राहणार. लोकांना तेच हवं असायचं. घरं गळतात, ट्रंकेत वाळवी शिरते, आणि उंदराला दाखला कळत नाही.

मशीन जुनं होतं, बंद पडलेल्या एका छापखान्यातून घेतलेलं. त्याचा रबरी रोलर इतका जाड, की एका फेऱ्यात अख्खा कागद बाहेर. घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात कुणाच्या तरी अर्जाची पिन आत राहिली आणि रोलरला तांदळाएवढा चरा पडला. तसला रोलर बाजारात मिळेना. मग प्रत्येक कागदावर चऱ्याची खूण उमटू लागली, कधी सहीवर, कधी फोटोतल्या माणसाच्या नाकावर. दुसऱ्या कुणी हात झटकले असते. शिवदासला ते झोंबलं. त्यानं बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका रोलरच्या टोकाला लावला. ठिपका वर आला की मगच कागद आत सोडायचा. म्हणजे चरा बरोबर खालच्या उजव्या कोपऱ्यात, कोऱ्या जागी पडे. गिऱ्हाईक कितीही घाई करो, शिवदास ठिपक्याची वाट बघायचा. बावीस वर्षांत त्यानं हा नेम एकदाही मोडला नाही.

आणि मग तंतुठसा आला.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. कागद म्हणजे लगदा वाळवून केलेली चादर. लगद्यातले तंतू वाळताना जसे पडतील तसे पडतात, त्यांना कुणी रांगेत बसवत नाही. त्यामुळं एकाच गठ्ठ्यातले दोन कागद घेतले तरी त्यांच्या तंतूंची गुंतागुंत वेगळी असते. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. पण मोबाइलचा कॅमेरा कागदाजवळ नेऊन दिवा तिरका पाडला, की त्या उंचसखलपणाच्या बारीक सावल्या पडतात. फोन चारदा फिरवायचा, चारी बाजूंच्या सावल्या घ्यायच्या. नखाएवढ्या जागेतल्या त्या सावल्यांवरून फोन एक लांबलचक आकडा काढतो. तोच ठसा. तो कागदावरच्या मजकुराशी बांधून सरकारी साठवणीत टाकला, की पुढं कुणीही तो कागद फोनखाली धरावा, पडद्यावर मूळ नोंद उघडते. मागून कुणी मार्क वाढवले, तारीख खोडली, तर चोरी जागच्या जागी उघडी पडते. ठसा घ्यायचा तो खालच्या उजव्या कोपऱ्याचा, कारण तिथं सहसा ना मजकूर असतो ना शिक्का.

खोटे दाखले विकणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. साक्षांकित प्रती गेल्या, सहीसाठी साहेबाच्या दारात बसणं गेलं. नियम दोनच होते. ज्याचा ठसा नोंदलेला नाही, तो सरकारी कामापुरता कागदच नाही. आणि पहिली नोंद अंतिम, कारण ती पुसता आली तर लबाड माणूस दुसऱ्यांदा खरा होणार. नियमाला नाव ठेवायला जागा नव्हती, हीच तर पंचाईत.

शिरसोंडीत ठसाकेंद्र उघडलं त्या सकाळी रांगेत पहिला होता बब्रुवान घाडगे. त्याच्या हातात कृषी प्रदर्शनातला दाखला होता: सुदृढ कालवड स्पर्धा, द्वितीय क्रमांक. कालवड म्हातारी होऊन मरून दहा वर्षं झाली होती, पण बब्रुवानला आयुष्यात मिळालेलं बक्षीस हे एवढंच, आणि ते शिवदासकडून लॅमिनेट करून त्यानं भिंतीला लावलं होतं. त्याची नोंद झाली, फोननं गोड आवाजात अभिनंदन केलं, आणि सर्व्हर बसला. केंद्र पुन्हा सुरू व्हायला पंधरवडा गेला.

त्या पंधरवड्यात शिवदासच्या मुलीला, सानिकाला, पुण्याच्या सरकारी कॉलेजात धातुशास्त्राला जागा मिळाली.

ओताऱ्यांची पोर धातुशास्त्राला! शिवदासचे आजोबा भुजंग ओतारी घंटा आणि समया ओतायचे. बापाच्या काळात ओतकाम बसलं, भट्टी विझली, आणि भावकीतली अकरा घरं कुणी भंगारात, कुणी गवंडीकामात, कुणी शिवदाससारखी कागदात गेली. सानिका दुकानात काउंटरमागं बसून, झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर गणितं सोडवून इथवर आली होती. यादी लागली तेव्हा शिवदासनं दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला, दोन रुपयांच्या गिऱ्हाइकालासुद्धा.

जागा राखीव होती, म्हणजे जातपडताळणी आली, आणि पडताळणी म्हणजे एकोणीसशे एकसष्टच्या आधीचा पुरावा. तो अख्ख्या भावकीत एकच होता. भुजंग ओताऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला, सन एकोणीसशे एक्केचाळीस, इयत्ता चौथी, जात ओतारी. शाळा पुढं गावासकट धरणात गेली आणि तिची दप्तरं कुठं गेली ते कुणालाच सांगता आलं नाही. त्यामुळं हा कागद अकरा घरांत पाळीनं राहायचा. कुळाचाराला सगळे जमले की पत्र्याच्या डब्यातून, डांबरगोळ्यांसकट, पुढच्या घराकडे जायचा. यंदाची पाळी थोरल्या चुलतभावाची, अर्जुनदादाची होती. अर्जुनदादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, तरी डबा घेऊन तो स्वतः एसटीनं आला.

"घे," तो म्हणाला. "आपल्यातलं कुणी एवढं शिकलं न्हवतं, म्हणून हे डबड्यात पडून हुतं. पोरीनं कामाला लावलं. तीस तारखेच्या आत न्हवं?"

"तीसला संध्याकाळी पाचच्या आत ठसा नोंदला गेला पाहिजे, मोठे बाबा," सानिका म्हणाली. "मग बाकीचं समिती बघते. नाही नोंदला तर जागा पुढच्याला."

केंद्रावर अंजुम इनामदार नावाची तरुण मुलगी बसायची. तिच्या बालवाडीच्या दाखल्यापासून सगळे कागद शिवदासनंच लॅमिनेट केले होते. तिनं "काका, बसा ना" म्हणून खुर्ची दिली, दाखला फोनखाली धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. परत धरला. मग फोन शिवदासकडे वळवला.

पडद्यावर लिहिलं होतं: सुदृढ कालवड स्पर्धा, द्वितीय क्रमांक. मालक: बब्रुवान घाडगे. खाली लाल अक्षरांत: समोरचा कागद मूळ नाही.

शिवदास हसलाच. "अगं, आमच्या आज्याची कालवड केली की तुझ्या फोननं!"

अंजुमला हसू आलं नाही. तिनं टेबलावरचे दुसरे कागद घेतले. एका विधवा बाईचा मृत्यूचा दाखला: कालवड. एका मास्तरची सनद: कालवड. तिनं पर्समधून स्वतःचं बारावीचं प्रमाणपत्र काढलं. कालवड, द्वितीय क्रमांक.

शिवदासचं हसू थांबलं. त्यानं त्या चारही कागदांचा खालचा उजवा कोपरा उजेडात तिरका धरला. चारींवरही तांदळाएवढी खूण होती, बरोबर एकाच जागी, आणि तिच्याभोवती रोलरच्या रबराचा बारीक खरखरीत पोत. शास्त्रज्ञांनी लॅमिनेशनच्या चाचण्या घेतल्या नव्हत्या असं नाही. त्यांनी त्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर घेतल्या होत्या, आणि त्यातून आतले तंतू दिसत. इथं फोन प्लॅस्टिकवरच अडत होता आणि तिथं उमटलेला पोतच कागदाचा ठसा समजत होता. इतर दुकानांतही पोत उमटायचा, पण तो दर वेळी वेगळ्या जागचा असायचा. दर वेळी रोलरची तीच जागा त्याच कोपऱ्यावर आणणारा वेडा महाराष्ट्रात एकच होता, आणि तो आता अंजुमनं दिलेल्या खुर्चीत बसला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी तो एक कोरा कागद लॅमिनेट करून केंद्रावर घेऊन गेला. आता वरिष्ठ साहेबही आले होते. "हे बघा साहेब, यावर काहीच नाही. धरा फोन."

फोन धरला. कोऱ्या कागदावर कालवड उघडली.

"म्हणजे कागद खोटे नाहीत," शिवदास घाईघाईनं म्हणाला. "माझ्या रोलरचा दोष आहे. मी लिहून देतो."

साहेबांनी तो कोरा कागद उलटसुलट करून पाहिला. माणूस वाईट नव्हता. "ओतारी," ते म्हणाले, "नोंदलेल्या दाखल्याचा ठसा कोऱ्या कागदावर उठवून देणारं यंत्र तुमच्याकडे आहे, असं तुम्ही मला कार्यालयात येऊन दाखवलंत. आता मी काय करावं म्हणता?"

त्याच दुपारी मशीनला सील लागलं. बब्रुवान बिचारा स्वतः होऊन केंद्रावर आला. "माझी नोंद रद्द करा," म्हणाला, "जनावर तर कवाच मेलं." पण रद्द करायचं बटणच नव्हतं. अंजुम शिवदासला दारापर्यंत सोडायला आली. "काका, भुजंग ओतारी, चौथी पास, सगळं मला दिसतंय," ती म्हणाली. "पण माझ्या डोळ्यांना लॉगिन नाही हो." तिची स्वतःची नोकरी ज्या प्रमाणपत्रावर होती तेही कालवडीचं झालं होतं.

गावाला कळायला वेळ लागला नाही. बावीस वर्षं ज्यांनी "शिवदासचं काम म्हणजे काम" म्हटलं, तेच लोक कागद नाचवत दुकानापुढं उभे राहिले. कुणाची पेन्शन अडली, कुणाची खरेदी. एकानं त्याच्या शटरवर खडूनं कालवड काढली, आणि चांगली काढली. शिवदास एकेकाचा कागद हातात घेऊन कोपरा बघायचा आणि परत द्यायचा. ज्यांचं त्यानं उरकून टाकलं असतं त्यांचं नीट झालं असतं, ज्यांचं मन लावून केलं त्यांचं वाटोळं झालं. आणि मन लावून त्यानं सगळ्यांचंच केलं होतं.

तिसऱ्या दिवशी घरी जेवताना सानिका एकदम म्हणाली, "अण्णा, इतकं नीट कशाला करत बसायचात?"

"सानिका!" तिची आई विमल ओरडली.

"नाही, मी रागावून नाही विचारत," ती म्हणाली, आणि ताटावरून उठून गेली.

वाट एकच उरली होती. प्लॅस्टिक काढायचं. आतल्या कागदाचा खरा ठसा अजून नोंदलेला नव्हता. तो उघडा पडला की नवी, पहिली नोंद होणार होती. राज्याच्या प्रयोगशाळेत कागद रसायनात भिजवून हे काम अलगद करतात. शिवदासनं अर्ज केला. त्याला नंबर मिळाला चार हजार सातशे बारा. अंदाजे प्रतीक्षा, सव्वीस महिने.

अठ्ठावीस तारखेला त्याच्या घरी भावकी बसली. प्रश्न सरळ होता. सव्वीस महिने थांबलं तर कागद जगतो, सानिकाची जागा जाते. घरी काढायला गेलं आणि फाटला, तर अकरा घरांचा जातो.

"माझा पोरगा अकरावीला हाय," हणमंता म्हणाला. तो शिवदासहून धाकटा, गवंडीकाम करायचा. "शिवाभाऊ, पोरगी माझी बी हाय. पण उद्या पोरानं इचारलं, आपला कागद कुटं, तर काय सांगू?"

शिवदासला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी तोही हेच म्हणाला असता. सानिका भिंतीला टेकून उभी होती. "मोठे बाबा, नका काढू," ती म्हणाली. "मी पुढच्या वर्षी परत परीक्षा देते." हे बोलताना ती बापाकडे बघत नव्हती, आणि पुढच्या वर्षीही कागद प्रयोगशाळेच्या रांगेतच असणार, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

अर्जुनदादानं चाचपत दाखल्याचा डबा जवळ ओढला. मग म्हणाला, "प्लॅस्टिक कुणी घातलं?"

"मी, दादा."

"मग तूच काढ. तुझा हात कवा हललेला मी बगितला न्हाई. आज्यानं त्यो कागद पोरांनी शिकावं म्हणून ठिवला, डबड्यात निजवायला न्हवं."

हणमंतानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "दादा म्हणतोय तर काढ."

शिवदासनं दोन दिवस सराव केला. सलूनमधून केस वाळवायचं यंत्र आणलं. गरम हवा कागदाच्या कडेला सोडायची, आतला गोंद मऊ झाला की पातळ पात्यानं केसभर उचलायचं, थांबायचं, परत हवा. आधी त्यानं स्वतःचं दहावीचं प्रमाणपत्र सोडवलं. साल काढल्यासारखं प्लॅस्टिक निघालं, अक्षरन् अक्षर जागेवर. मग लग्नाचा दाखला, मग विमलचा जन्मदाखला. तिन्ही सुटे झाले, तिन्हींचे खरे ठसे नोंदले गेले. सानिका पहिल्यांदा हसली. विमलनं देवापुढं साखर ठेवली.

तीस तारखेला दुपारी तीनला तो भुजंग ओताऱ्याचा दाखला घेऊन बसला. अर्जुनदादाला बघवेना. "मी हितं बसतो," म्हणून तो उंबऱ्यावर, पाठ करून बसला. सानिकानं फोन तयार ठेवला. केंद्रावर न जाता घरच्या फोनवरूनही नोंद करायची सोय एव्हाना झाली होती, फक्त ती पाचच्या आत व्हायला हवी होती.

पहिला कोपरा, खालचा उजवा, छान सुटला. शिवदासनं श्वास सोडला. पण जरा वर गेल्यावर पातं अडलं. त्यानं हवा वाढवली, थांबला, परत उचललं, परत अडलं. आणि तेव्हा त्याला आठवलं. सोळा वर्षांपूर्वी कुळाचाराच्या दुसऱ्या दिवशी सगळी भावकी दुकानात जमली होती, आणि आज्याचा कागद म्हणून, आणखी पक्का व्हावा म्हणून, त्यानं कोपरा सोडून मधला मजकुराचा भाग वरून इस्त्रीनं दाबला होता. तसं त्यानं आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच कागदाचं केलं नव्हतं. त्या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तो जास्तीचा गोंद जुन्या, मऊ पडलेल्या कागदात पार आत मुरला होता.

"काय झालं अण्णा?"

"काही नाही," तो म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घाम विमल पदरानं टिपत होती. अर्धवट सोडूनही चालणार नव्हतं. नोंदीला अख्खा कागद उघडा लागतो. घड्याळात सव्वाचार झाले होते. त्यानं केसाकेसानं उचललं. हात खरंच हलला नाही. त्या दिवशी त्यानं जितकं हळू काम केलं तितकं कुणालाच जमलं नसतं. प्लॅस्टिक पुरतं निघालं, कागद कुठंही फाटला नाही, एक कोपराही दुमडला नाही.

पण वरचा पापुद्रा प्लॅस्टिकबरोबर गेला होता. शाई त्या पापुद्र्यात होती. टेबलावर पिवळसर, लोकरीसारखा मऊ कागद पडला होता आणि त्यावर काही नव्हतं. भुजंग सखाराम ओतारी, इयत्ता चौथी, हेडमास्तरांची सही, सगळं प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला चिकटून उलट्या अक्षरांत दिसत होतं. त्यात ना कोपरा होता ना ठसा.

सानिकानं आधी फोन प्लॅस्टिकवर धरला. कागद आढळला नाही, असं त्यावर आलं. मग तिनं तो कागदावर धरला. चारदा फिरवला. आणि फोन त्याच्या त्या गोड, खणखणीत आवाजात बोलला:

"अभिनंदन! हा कागद अस्सल आहे. अंदाजे वय नव्वद ते शंभर वर्षं. या कागदाची आधी कुठंही नोंद नाही."

पुढचं फोन बोलला नाही. ते नुसतं पडद्यावर आलं. कागदावर मजकूर आढळला नाही. पहिली नोंद अंतिम राहील. कोरा कागद म्हणून नोंद करायची? हो. नाही.

"निघाला का रं?" उंबऱ्यावरून अर्जुनदादा म्हणाला. तो भिंत चाचपत उठून उभा राहिला होता. "मी ऐकलं! अस्सल म्हनला न्हवं फोन?"

शिवदासनं तोंड उघडलं. "दादा..."

"मला म्हाईत हुतं. तुझा हात हाय त्यो." म्हाताऱ्याच्या पिकलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं बंडीच्या खिशातून आपला फोन काढला आणि तोंडाजवळ धरून ओरडला, "हणमंताला लाव! ऐकतुयास का, हणमंता? आपला कागद खरा निघाला! समद्यांना सांग! पोरीला जागा मिळाली, आता तुज्या पोराचंबी झालं म्हण!"

पलीकडून हणमंताचा आवाज आला, मग त्याच्या बायकोचा, मग कुणीतरी आणखी कुणाला तरी हाक मारल्याचा. विमलनं उलट्या अक्षरांचं प्लॅस्टिक दोन्ही हातांनी उचललं.

"अण्णा, त्यांना सांगा," सानिका हळू आवाजात म्हणाली. फोन तिनं अजून कागदावर तसाच धरला होता, आणि तिचा अंगठा दोन्ही बटणांपासून लांब होता.

शिवदास उठला आणि अर्जुनदादाकडे गेला. म्हाताऱ्यानं त्याचा हात पकडला आणि आपल्या कपाळाला लावला. सांगायला पाच वाजेपर्यंत पंचवीस मिनिटं होती, आणि शिवदासनं हात तसाच त्याच्या कपाळावर राहू दिला.